एका खेपेत सगळं गाव

धायरीच्या त्या शेडमध्ये दोन नावा शेजारी शेजारी लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेल्या होत्या. एक लहान, एक मोठी. मी नाव म्हणते ते आबांमुळे, म्हणजे माझ्या वडिलांमुळे. त्या बनवणारे मिस्त्री पाँटून बोट म्हणत. खाली पत्र्याच्या दोन लांब पोकळ नळ्या, त्यांवर फळ्यांची सपाट जमीन, कडेनं कठडा, बसायला बाकं आणि उन्हासाठी वर छत. होडीत खाली उतरावं लागतं. हिच्यात काठावरून सरळ पाऊल टाकायचं, ओट्यावरून घरात जावं तसं. आमच्या माणसांना तेवढंच हवं होतं, कारण आमची माणसं म्हातारी झाली होती.

लहान नावेत चालवणाऱ्याशिवाय बारा जण बसत, मोठीत तीस. कुठली घ्यायची ते त्या दिवशी ठरवायचं होतं. ठरवलं मी. आबांनी ठरवलं असं पुढे सगळे म्हणत राहिले आणि मी कुणाचं म्हणणं दुरुस्त केलं नाही.

आमचं गाव पुण्याच्या पश्चिमेला धरणाच्या पाण्याखाली आहे. 'होतं' म्हटलेलं आबांना खपत नसे. गाव उठलं तेव्हा ते तिशीचे होते. माणसं हडपसर, कात्रज, येरवडा अशी शहरभर पांगली. आबांनी मिळेल ते काम केलं आणि पुढे मार्केट यार्डात तोलणार म्हणून चिकटले. कांद्याची, बटाट्याची पोती काट्यावर चढवायची, वजन मोठ्यानं सांगायचं, आणि शेतकरी नि व्यापारी या दोघांनी ते निमूट मान्य करायचं, असं ते काम. माझा जन्म सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांतला. गाव मी पाहिलं ते फक्त आबांच्या बोलण्यात.

बुडालं नाही ते फक्त भैरोबाचं देऊळ. गावाच्या डोक्यावर टेकडी होती, तिच्यावर ते होतं. पाणी चढलं आणि टेकडीचं बेट झालं. दर चैत्री पौर्णिमेला तिथं जायचं आणि प्रत्येक उंबऱ्यानं देवापुढे एक नारळ वाढवायचा, ही रीत. घरं गेली, भिंती गेल्या, पण उंबरे आबांच्या वहीत शाबूत होते. एकूण एकतीस. वरची आळी, खालची आळी, विहिरीजवळचं घर, चिंचेखालचं घर, अशी ती यादी होती. शेजारी आता कोण कुठं राहतं आणि फोन नंबर काय, हे माझ्या अक्षरात.

पूर्वी काठावरच्या कोळ्यांच्या होड्यांतून चार-चार जण जात. एका वर्षी होडीत उतरताना एका आजीचा पाय सटकला आणि कंबरेचं हाड मोडलं. त्यानंतर हळूहळू जाणं बंदच झालं. तीन वर्षं देवाला नारळ नाही म्हटल्यावर आबांच्या जिवाला चैन पडेना. कुठूनशी त्यांना या सपाट नावेची खबर लागली, आणि पंच्याहत्तरी उलटलेला माणूस पीएमटीची बस पकडून घरोघर फिरू लागला. वर्गणी जमली, चांगली जमली. मोठी नावही आली असती. म्हणजे पैशाची सबब मला तेव्हा नव्हती आणि आजही नाही.

मिस्त्रींनी फोनवर विचारलं होतं, माणसं साधारण किती? आबा म्हणाले, "समद्यास्नी इचारून घे, पोरी." मी शाळेच्या ऑफिसात कारकून होते. याद्या करणं माझ्या हातचा मळ. तीन दिवस संध्याकाळी वही पुढ्यात घेऊन बसले आणि तीस घरांना फोन केले.

आमच्या पेठेत बोलण्याची एक पद्धत आहे. यायचं असेल तर माणूस 'येतो' म्हणतो, नसेल तर 'जमणार नाही' म्हणून फोन ठेवतो. समोरच्याला काय वाटेल याची फारशी फिकीर कुणी करत नाही. मी त्यातच वाढलेली. हडपसरच्या मावशींना मी विचारलं, त्या खालच्या आळीच्या, "पौर्णिमेला येणार ना?" त्या म्हणाल्या, "कशाचं येनं बाई, गुडघे कुठं चालत्यात माझे." मी वहीत फुली मारली. कात्रजच्या एका काकांना लेकीच्या सासरी जायचं होतं. फुली. कुणाला ऊन सोसत नव्हतं, कुणाची सून घरात नव्हती, एकानं तर म्हैस व्यायची आहे असं सांगितलं. म्हैस, कोंढव्यातल्या तिसऱ्या मजल्यावर! मला हसू आलं आणि रागही आला. वर्गणी देताना हात आखडला नाही, मग पाय का आखडतात, असं मनात आलं.

'नक्की येतो' म्हणणारे नऊ निघाले. ते बहुतेक माझ्या वयाचे, पुण्यातच जन्मलेले. सतरा घरांपुढे फुल्या पडल्या, चार घरांचा पत्ताच लागला नाही. उरलो आम्ही. मी आबांना म्हटलं, "आपण दोघं धरते." ते खिडकीशी सुपारी कातरत बसले होते. म्हणाले, "माझं काय खरं न्हाई. मला आताशा ऊन सोसत न्हाई." मी म्हटलं, "पुरे झालं नाटक," आणि आमच्या उंबऱ्यापुढे लिहिलं, दोन, नक्की. आबांनी अडकित्ता खाली ठेवला आणि वहीतल्या त्या शब्दाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना मी बेरीज सांगितली, अकरा. ते म्हणाले, "ते असंच बोलत्यात. येत्याल." मला वाटलं, म्हाताऱ्याची आशा.

शेडमधले मिस्त्री नाना पेठेतले. त्यांचे आजोबा पत्र्याच्या पेट्या बनवायचे, वडील टाक्या आणि हे नावा. पांढरी दाढी, चष्म्याला दोरा, बोलणं मोजकं. त्यांनी आबांना खुर्ची दिली, पण आबा खुर्चीत बसले नाहीत. ते थेट मोठ्या नावेकडे गेले. शिडी लावून वर चढले, फळ्यांवर पाय आपटून पाहिला, कठडा हलवून पाहिला. "वजन किती झेलती?" मिस्त्रींनी सांगितलं. आबांनी मान हलवली. मग ते शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि समोरच्या रिकाम्या बाकांकडे पाहत बोलू लागले.

"हितं वरची आळी बसंल. हितं विहिरीजवळचं घर, त्यांच्या शेजारी चिंचेखालचं. त्यांचं पटत न्हाई, पर देवाच्या वाटंला बसत्याल. पुढं खालच्या आळीच्या बाया. एका खेपंत समदं गाव."

ते बोटानं जागा दाखवत होते आणि मी खाली उभी राहून ऐकत होते. एकेका जागेपुढे मला माझ्या वहीतली फुली दिसत होती. पौर्णिमेच्या दिवशी हा माणूस याच बाकावर बसेल, पुढ्यात एकोणीस जागा रिकाम्या असतील आणि हा त्या मोजत पलीकडे जाईल, हे माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मला ते सहन होईना. खरं कारण एवढंच. बाकीची कारणं मी नंतर जमवली.

मिस्त्रींनी मला हळूच विचारलं, "बाई, माणसं नक्की किती?"

"अकरा."

"मग मोठी घेऊ नका. रिकामी मोठी नाव वाऱ्यात हातात राहत नाही. अकरा माणसांना लहानच बरी. मी माझ्या घरच्यांनाही हेच सांगितलं असतं."

त्यांचा सल्ला खरा होता. आकडा माझा होता.

मी नावेखाली जाऊन म्हटलं, "आबा, खाली या. लहान घेऊ."

"तीस उंबरं हायत, आन आपला."

"आबा, मी सगळ्यांना विचारलंय. कुणी येणार नाहीये."

असं बोलायला नको होतं. निदान मिस्त्रींसमोर तरी नको होतं. आबा बाकावरून उठले. कठड्यापाशी आले आणि म्हणाले, "तू इचारलंयस. म्या नुसतं डोळ्यानं बघितलं, तू काट्यावर घातलंस. तुझंच खरं असंल." जन्मभर वजनं करणाऱ्या माणसानं माझ्या काट्यावर विश्वास ठेवला. शिडी उतरताना त्यांनी मिस्त्रींचा हात धरला, माझा नाही.

पौर्णिमेला आम्ही स्वारगेटवरून पहाटेची एसटी धरली आणि आठाला काठावर पोचलो. लहान नाव पाण्यावर उभी होती. पिवळा कठडा, झेंडूची माळ, छान दिसत होती. चालवायला काठावरचाच एक कोळी ठरवला होता. तो म्हणाला, पलीकडे जायला पाऊण तास लागतो आणि दुपारी वारा सुटतो, दहाला निघू. 'नक्की' म्हणालेल्या नऊपैकी दहापर्यंत तिघं आले. आणखी दोघं वाटेत होते. बाकीच्यांचे फोन लागेनात.

मग साडेदहाची एसटी आली.

तिच्यातून आधी एक काठी बाहेर आली, मग हडपसरच्या मावशी. त्यांच्यामागे त्यांची बहीण. मग कात्रजचे काका, हातात कापडी पिशवी, पिशवीत नारळ. मग ज्यांना ऊन सोसत नव्हतं ते, डोक्याला टॉवेल गुंडाळून. म्हशीवालेही आले, नवं धोतर नेसून. कुणी रिक्षा करून आलं, कुणाला मुलानं गाडीतून सोडलं. प्रत्येकाच्या हातात एक नारळ. मी फुली मारलेल्या सतरा घरांपैकी सोळा घरं काठावर उभी होती. सतरावे गृहस्थ खरोखरच दवाखान्यात होते. वाटेतले दोघंही पोचले, दोन-तीन घरांतून दोघं-दोघं आली होती. आम्हा दोघांना धरून माणसं भरली सव्वीस.

मी मावशींना धरलंच. "मावशी, तुम्ही तर येत नाही म्हणाला होतात."

"म्या कुठं न्हाई म्हनले? गुडघे दुखत्यात म्हनले. ते दुखत्यातच की." त्या काठीवर रेलून माझ्याकडे पाहू लागल्या. "अगं, देवाला जायचं आधी कुनी बोलून दाखवतं व्हय? बोललं की पाय अडतो. आपल्या गावात कुनीबी बोलत न्हाई. तुझ्या बापानं शिकवलं न्हाई का तुला?"

मी आबांकडे वळले. माझा आवाज चढलाच. "तुम्हाला माहीत होतं. मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं की. येत्याल म्हनलो." मग खालच्या आवाजात म्हणाले, "त्याच्या म्होरं बोलायचं नसतंय, पोरी. ते बी बोलल्यावानीच झालं."

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रागवायला त्यांना सवडच नव्हती. इतक्या वर्षांनी गाव एका जागी उभं होतं आणि ते या घरातून त्या घरात हिंडावं तसे माणसामाणसांतून हिंडत होते. कुणाच्या खांद्यावर हात ठेवत होते, कुणाची टिंगल करत होते. आबांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

कोण आधी जाणार यावर 'तुम्ही बसा, तुम्ही बसा' करण्यात आणखी वेळ गेला. शेवटी आबांनी वही मागून घेतली आणि बारा नावं वाचली. सगळ्यांत म्हातारी आणि सगळ्यांत लांबून आलेली. काका म्हणाले, "अहो, तुम्ही बसा पहिले. तुमच्यामुळं आलो आम्ही." आबा म्हणाले, "घरचं कार्य आन यजमान पहिल्या पंगतीला? बसा गुमान." मग मला म्हणाले, "दोन खेपांत चोवीस जात्याल. आपुन दोघं तिसऱ्या खेपंला." हिशेब त्यांनी केव्हाच केला होता.

नाव पावणेबाराला सुटली. मावशी कठड्याला धरून पुढच्या बाकावर बसल्या होत्या आणि पिशवीतला नारळ दोन्ही हातांनी उंच धरून आम्हाला दाखवत होत्या. आम्ही चौदा जण काठावर राहिलो. आबा एका दगडावर बसले, मांडीवर पिशवी घेऊन.

नाव परत आली तेव्हा सव्वा वाजून गेला होता. रिकामी नाव काठाला लागतानाच आडवी होत होती. कोळ्यानं दोर बांधला आणि तो आबांसमोर उभा राहिला. "बाबा, वारा आज लवकर सुटला. अजून बारा नेले तर तिकडं चोवीस होतात. वाऱ्यात दोन खेपा करून परत आणता येणार नाहीत. आधी त्यांना सुखरूप आणतो. तुम्हाला नेणं आज होत नाही."

कुणीतरी त्याच्याशी हुज्जत घालू लागलं. कुणी होड्यांची चौकशी केली, पण होडीत उतरण्याइतके पाय कुणाचे उरले होते? मला मिस्त्रींची शेड दिसत होती, ठोकळ्यांवरची ती मोठी नाव, तिच्यातलं शेवटचं बाक. तिच्यात हे सव्वीसही बसले असते आणि चार जागा उरल्या असत्या. भरलेली नाव वाऱ्यात हातात राहिली असती.

आबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "तो म्हनतो ते बरूबर हाय. पान्यावर त्याचं ऐकायचं." त्यांनी टोपी काढली, टेकडीकडे तोंड करून हात जोडले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. बाकीचेही उभे राहिले. मग काठावरच सगळ्यांनी डबे सोडले. काकांनी विचारलं, नारळ इथंच वाढवायचे का? कुणी कुणी पाण्याकाठी दगडावर वाढवले. आबांनी आपला वाढवला नाही. "आपल्या उंबऱ्याचा तिथंच वाढवायचा," म्हणाले आणि पिशवीचं तोंड बांधलं.

परतीच्या एसटीत मी त्यांच्या शेजारी बसले होते. मला बोलायचं होतं. मी म्हटलं, "आबा, माझं चुकलं. मोठी घ्यायला हवी होती."

ते खिडकीबाहेर पाहत होते. "आलं ना समदं गाव? झालं तर मग. तू फोन केलंस म्हनूनच आलं." थोड्या वेळानं म्हणाले, "म्होरल्या साली सकाळी सातालाच पहिली खेप सोडू." मग डोळे मिटले. मी स्वारगेट येईपर्यंत रडत होते आणि त्यांना झोप लागली आहे असं समजत होते. उतरताना त्यांनी माझा हात धरला.

आषाढात आबा गेले. चार दिवस ताप आला आणि संपलं. दिवसांना अर्धं गाव आलं, न सांगता. मिस्त्रीही आले. दाराशीच उभे राहून म्हणाले, "मी तेव्हा आकडा बाबांनाच विचारायला हवा होता." मी त्यांना चहा दिला. चूक त्यांची नव्हती हे मी त्यांना दोनदा सांगितलं.

नारळ देव्हाऱ्यात ठेवला होता. दिवाळीपर्यंत त्यातलं पाणी आटलं आणि हलवला की आत गोटा खुळखुळू लागला. रोज पूजा करताना तो मला दिसे. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. देवाला जायचं बोलून दाखवलं म्हणून कुणाचा पाय अडत नाही, वारा सुटला तो चैत्रात दुपारी सुटतोच म्हणून. हे मी स्वतःला पुष्कळदा समजावलं आहे. पण आमच्या उंबऱ्यापुढे 'नक्की' हा शब्द मीच लिहिला, आणि त्या दिवशी आबांनी अडकित्ता खाली ठेवला, हे काही केल्या मनातून जात नाही.

फाल्गुनात चुलतभावाचा फोन आला. वही आता त्याच्याकडे होती. तोही माझ्यासारखाच पुण्यात वाढलेला, सरळ विचारणारा. म्हणाला, "मिस्त्रींकडं ती मोठी बोट अजून आहे, आपली लहान परत घेऊन ती द्यायला तयार आहेत. पण आधी माणसं किती ते कळायला हवं. जो तो रडगाणं गातोय. कुणाचे गुडघे, कुणाचं ऊन. निदान तुझं तरी नक्की सांग. येणार आहेस ना?"

मी देव्हाऱ्याकडे पाहिलं. माझे गुडघे तेव्हा ठणठणीत होते. रोज तीन जिने चढत होते मी.

"काय सांगू रे तुला," मी म्हटलं, "गुडघे फार दुखतात."

पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. तो फुली मारणार, हे मला कळलं.

"ऐक," मी म्हटलं, "नाव मात्र मोठीच घे."